व्हेर्दिक्यो आणि तिच्या जोडीचे जेवण

आपल्या ताटात डाव्या बाजूला मिठाशेजारी लिंबाची फोड वाढतात. वरण-भातावर तूप पडले की त्याचा जडपणा लिंबाच्या चार थेंबांनी हलका होतो आणि पुढचा घास पहिल्या घासाइतकाच हवासा वाटतो. इटलीच्या पूर्व किनाऱ्यावरील मार्के प्रांतात जेवणाच्या टेबलावर हेच काम व्हेर्दिक्यो नावाची पांढरी वाइन करते. तळलेले ऑलिव्ह, माशांचे रस्से, ऑलिव्हच्या तेलात शिजलेला सुका मासा, रानबडीशेप घालून भाजलेला ससा अशा तेलकट, खारट आणि ठसठशीत पदार्थांच्या सोबतीने ही वाइन वाढली आहे. म्हणून ती एकटी, सुट्या घोटांनी प्यायली तर थोडी कोरडी आणि तुसडी वाटण्याचा संभव असतो. बाटली कशी निवडावी, किती थंड करावी आणि कोणत्या पदार्थासमोर कोणत्या दर्जाची ठेवावी, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे.

पेल्यात काय आहे, ते आधी ओळखावे

व्हेर्दिक्यो हे द्राक्षाचेही नाव आहे आणि वाइनचेही. ‘व्हेर्दे’ म्हणजे हिरवा. पिकल्यावरही या द्राक्षाच्या सालीवर हिरवी झाक राहते आणि ताज्या वाइनच्या पिवळसर रंगातही ती दिसते. हे द्राक्ष उशिरा पिकते आणि पूर्ण पिकूनही त्यातली आम्लता फारशी उतरत नाही, या एका गोष्टीतून पुढच्या बहुतेक गोष्टी निघतात. ताज्या वाइनला लिंबू, हिरवे सफरचंद, बडीशेप आणि वाळल्या गवताचा वास येतो. घोट गिळल्यावर मात्र जिभेच्या मागच्या भागावर बारीकसा कडवटपणा रेंगाळतो. मूठभर बदाम खाताना मध्येच एखादा कडू निघतो, त्याची ही सौम्य आवृत्ती समजावी. पहिल्यांदा पिणाऱ्याला हा दोष वाटतो, पण व्हेर्दिक्योची खरी ओळख तीच आहे आणि जेवणाशी तिचे जे जमते, त्याचे निम्मे श्रेय या कडवटपणाचे आहे. आम्लता तेल कापते आणि कडवटपणा गोडसर मांसाला व माशाला आवर घालतो.

या द्राक्षाचे दोन मुलूख आहेत आणि त्यांतला फरक खरेदीच्या वेळी उपयोगी पडतो. पहिला मोठा मुलूख येझी या गावाभोवतीच्या टेकड्यांचा. सम्राट दुसरा फ्रेडरिक 1194 साली जन्मला, ते हेच येझी. एझिनो नदीच्या दोन्ही काठांवर कुप्रामोंताना, स्ताफोलो, मोन्तेकारोत्तो अशी तटबंदीची छोटी गावे टेकड्यांच्या माथ्यावर वसली आहेत आणि त्यांच्यामुळेच या वाइनला ‘येझीच्या गढ्यांची व्हेर्दिक्यो’, म्हणजे ‘व्हेर्दिक्यो देई कास्तेल्ली दी येझी’ असे लांबलचक नाव मिळाले. समुद्राचा वारा इथवर पोहोचतो. दुसरा मुलूख मातेलिकाचा, आकाराने पुष्कळच लहान. मार्केतल्या बहुतेक नद्यांची खोरी आपेनाइन पर्वतापासून समुद्राकडे सरळ उतरतात. मातेलिकाचे खोरे मात्र उत्तर-दक्षिण पसरले आहे आणि सान विचीनो पर्वताने त्याचा समुद्राशी संबंध तोडला आहे. तिथे दिवस तापतात, रात्री गारठतात आणि वाइन अधिक ताठ, अधिक टोकदार आम्लतेची होते. माझ्या मते येझीची वाइन मासे आणि कवचीच्या जिवांपुढे जास्त खुलते, तर मातेलिकाची मांस आणि चीज यांच्यापुढे. पण हा कल आहे, नियम नव्हे.

लेबल वाचताना

नियंत्रित मूळस्थानाचा दर्जा, ज्याला इटलीत डीओसी म्हणतात, तो मातेलिकाला 1967 साली आणि येझीला 1968 साली मिळाला. वाइनमध्ये किमान 85 टक्के व्हेर्दिक्यो असावी लागते. चांगले उत्पादक बहुधा शंभर टक्केच वापरतात. नाव सापडल्यावर त्याला जोडून आलेले शब्द वाचावेत, कारण जेवणाशी जोडी जमवण्याचा खरा आधार तेच देतात.

नुसते ‘व्हेर्दिक्यो’ किंवा ‘क्लासिको’ लिहिलेली वाइन हलकी असते. ‘क्लासिको’ याचा अर्थ जुनी किंवा अभिजात वाइन असा नसून द्राक्षे त्या मुलखाच्या मूळ, ऐतिहासिक भागातून आली, एवढाच आहे. ‘क्लासिको सुपेरिओरे’ ही मधल्या वजनाची. तिच्यात अल्कोहोल किमान 12 टक्के असते आणि द्राक्षे अधिक पिकलेली असतात. अनेक उत्पादक ती काही महिने स्टीलच्या किंवा सिमेंटच्या टाकीत यीस्टच्या बारीक गाळावर ठेवतात, त्यामुळे घोटाला भरीवपणा येतो. ‘रिझेर्वा’ ही सर्वांत वजनदार: किमान 18 महिने मुरवलेली, त्यातले सहा महिने बाटलीत, आणि अल्कोहोल किमान साडेबारा टक्के. 2010 पासून दोन्ही मुलखांच्या रिझेर्वाला डीओसीजी हा वरचा दर्जा आहे. येथे एक गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे. येझीच्या रिझेर्वाच्या लेबलावर शब्दांचा क्रम उलटा असतो. ‘कास्तेल्ली दी येझी व्हेर्दिक्यो रिझेर्वा’ असे लिहितात. दुकानात घाईने पाहणारा त्यामुळे हमखास गोंधळतो. याशिवाय ‘स्पुमांते’ म्हणजे फसफसणारी आणि ‘पास्सीतो’ म्हणजे सुकवलेल्या द्राक्षांची गोड वाइन, असे दोन प्रकार आहेत.

जुन्या इटालियन खानावळींच्या छायाचित्रांत दिसणारी, कमरेत निमुळती हिरवी बाटलीही याच वाइनची. फात्सी बात्ताल्या या कंपनीसाठी आंतोनियो मायोक्की या वास्तुविशारदाने 1953 साली प्राचीन रांजणाच्या घाटावर ती घडवली. त्या बाटलीने व्हेर्दिक्योला जगभर पोहोचवले आणि पुढे काही दशके ‘गमतीच्या बाटलीतली स्वस्त वाइन’ असा शिक्काही मारून ठेवला. आज चांगल्या उत्पादकांपैकी बहुतेक जण साध्या उभ्या बाटल्या वापरतात, तरी घाटावरून आतल्या मालाची परीक्षा करू नये.

खरेदी आणि साठवण

पहिल्यांदा घेणाऱ्याने ‘क्लासिको सुपेरिओरे’च घ्यावी, असा माझा आग्रह राहील. साधी वाइन कधीकधी पाणचट निघते, आणि रिझेर्वासाठी खिसाही हलका होतो व संयमही लागतो. मधल्या दर्जाची बाटली तळणापासून कोंबडीपर्यंत बहुतेक सगळे निभावून नेते. उमानी रोंकी यांची ‘कासाल दी सेर्रा’ किंवा गारोफोली यांची ‘पोदियुम’ ही या दर्जाची जुनी, नावाजलेली उदाहरणे आहेत. वरच्या पायरीवर ‘व्हिल्ला बुच्ची’ ही येझीची आणि ला मोनाचेस्का यांची ‘मीरुम’ ही मातेलिकाची रिझेर्वा प्रसिद्ध आहे.

व्हेर्दिक्यो मिळालीच नाही तर काय घ्यावे, याचे उत्तर वनस्पतिशास्त्राने देऊन ठेवले आहे. गार्दा सरोवराच्या दक्षिण काठावर ‘लुगाना’ नावाची वाइन ज्या द्राक्षाची बनते, ते आणि व्हेर्दिक्यो जनुकीय चाचणीत जवळजवळ एकच ठरले आहे. लुगाना थोडी मऊ आणि कमी कडवट असते, पण खाली दिलेल्या बहुतेक जोड्या तिच्याशीही जमतात. केवळ ‘इटालियन पांढरी’ हवी म्हणून समोर दिसेल ती पिनो ग्रीजो उचलण्यापेक्षा हा पर्याय कितीतरी बरा.

साध्या वाइनचे साल दोन-तीन वर्षांपेक्षा जुने नसावे. सुपेरिओरे पाच-सहा वर्षे सहज टिकते आणि चांगली रिझेर्वा दहा वर्षांनंतरही मध, कॅमोमाइलची फुले आणि गारगोटी घासल्यासारखा वास घेऊन अधिकच बोलकी होते. पण हे थंड तळघरातले हिशेब आहेत. मुंबई-पुण्याच्या किंवा नागपूरच्या घरात, स्वयंपाकघरातल्या कपाटात एका उन्हाळ्यात वाइनचे जे होते, ते दहा वर्षांच्या मुरवणीने भरून येत नाही. वाइनसाठी वेगळे शीतकपाट नसेल तर बाटली आणावी आणि काही आठवड्यांत संपवावी.

थंड किती करावी

पांढरी वाइन बर्फासारखी गार हवी, हा समज व्हेर्दिक्योच्या मुळावर येतो. अतिथंड वाइनचा वास मिटतो आणि उरतो तो फक्त आंबट-कडू घोट. मी स्वतः पहिली बाटली रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून, थेट काढून पाहुण्यांना वाढली होती. सगळ्यांनी शिष्टाचार म्हणून दोन घोट घेतले आणि जेवण संपत आल्यावर, बाटली टेबलावर निवांत कोमट होत असताना, एकाने विचारले की ही दुसरी कोणती वाइन उघडलीत.

साधी आणि सुपेरिओरे 8 ते 10 अंश सेल्सिअसला, तर रिझेर्वा 11 ते 13 अंशांना द्यावी. घरच्या फ्रिजमध्ये साधारण 4 अंश असतात, म्हणून बाटली वाढण्याआधी पंधरा-वीस मिनिटे बाहेर काढावी. रिझेर्वा अर्धा तास आधी. वैशाखातल्या दुपारी ही वेळ निम्म्यावर आणावी. आयत्या वेळी बाटली थंड करायची झाल्यास बादलीत बर्फ आणि पाणी समप्रमाणात घ्यावे, मूठभर खडेमीठ टाकावे आणि बाटली मानेपर्यंत बुडवावी. नुसत्या बर्फात बाटलीला ठिकठिकाणी हवा लागते, पाण्यात ती सर्व बाजूंनी गार होते. वीस मिनिटे पुरतात. वाइनमध्ये बर्फाचा खडा टाकू नये.

ग्लास ट्यूलिपच्या फुलाच्या घाटाचा, मध्यम आकाराचा असावा आणि एक तृतीयांशच भरावा, म्हणजे वासाला जागा राहते आणि उरलेली वाइन बाटलीत गार राहते. 750 मिलिलिटरच्या बाटलीत 125 मिलिलिटरचे सहा ग्लास होतात. रिझेर्वा उघडून दहा मिनिटे ग्लासात फिरवली तर तिचा मिटलेला वास मोकळा होतो.

जोडी जमवण्याचे गणित

‘माशाबरोबर पांढरी, मांसाबरोबर लाल’ हा नियम येथे बाजूला ठेवावा. व्हेर्दिक्योसाठी पदार्थ कशाचा आहे यापेक्षा तो कसा शिजला आहे, हे अधिक महत्त्वाचे आहे. पदार्थाला लिंबाची फोड शोभली असती का, असा प्रश्न मी आधी विचारतो. भजी, तळलेला मासा, भाजलेली कोंबडी, तेलावर परतलेली पालेभाजी यांना शोभते. खिरीला किंवा चॉकलेटला शोभत नाही. उत्तर ‘हो’ आले की जोडी जमणार, हे जवळपास ठरले.

मग पदार्थाचे वजन पाहावे आणि तेवढ्याच वजनाची वाइन निवडावी. वाफवलेल्या शिंपल्यांना साधी, तळणाला सुपेरिओरे, तासन् तास शिजलेल्या पदार्थाला रिझेर्वा. यापुढची खबरदारी चवींच्या परस्पर वागणुकीची आहे. मीठ वाइनची आम्लता गोलाकार करते, म्हणून खारवलेले आणि तळलेले पदार्थ तिच्याबरोबर खुलतात. पदार्थ वाइनपेक्षा आंबट असला तर वाइन पाण्यासारखी लागते. व्हेर्दिक्यो मुळात आम्ल असल्यामुळे टोमॅटो आणि सौम्य व्हिनेगर ती सोसते, चिंचेचा कोळ मात्र नाही. पदार्थ वाइनपेक्षा गोड असला की वाइन कडवट होते. आणि मिरचीचा जाळ अल्कोहोलने वाढतो, कमी होत नाही.

मार्केचे ताट

सुरुवात आस्कोली पिचेनो या दक्षिणेकडच्या गावातल्या भरल्या ऑलिव्हपासून करावी, कारण ही जोडी एका घासात सगळे गणित समजावून सांगते. ‘आस्कोलाना तेनेरा’ जातीचे मोठे, कोवळे हिरवे ऑलिव्ह मिठाच्या पाण्यात मुरवतात, बीपासून गोल गोल साल सोलल्यासारखा गर काढतात, त्यात गोमांस, डुकराचे मांस आणि कोंबडी यांचा शिजवलेला खिमा, चीज आणि जायफळ भरतात आणि अंडे व पावाच्या चुऱ्यात घोळवून तळतात. एका ऑलिव्हमध्ये मीठ, चरबी, कडवटपणा आणि कुरकुरीत कवच असे सगळे येते. सुपेरिओरे किंवा स्पुमांतेचा घोट त्यावर घेतला की ऑलिव्हचा कडवटपणा आणि वाइनचा कडवटपणा एकमेकांत विरून जातात आणि तोंड पुसल्यासारखे स्वच्छ होते. याच ताटात आस्कोलीचे लोक तळलेल्या घट्ट क्रीमचे गोड चौकोनही वाढतात. ते खाताना मात्र वाइनचा ग्लास खाली ठेवावा. चाउस्कोलो हे पावावर लोण्यासारखे पसरवता येणारे डुकराच्या मांसाचे सॉसेजही याच वेळी येते आणि त्याच्या चरबीला स्पुमांतेचे बुडबुडे फार उपकारक ठरतात.

आंकोना हे प्रांताचे राजधानीचे बंदर आणि ‘ब्रोदेत्तो’ हा तिथला माशांचा रस्सा. खरे तर या किनाऱ्यावर गावागणिक ब्रोदेत्तो बदलतो आणि प्रत्येक गावाला आपलाच खरा वाटतो. आमच्याकडे मालवण, वेंगुर्ले आणि रत्नागिरीच्या कालवणांवरून होणारे वाद ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. आंकोनाच्या ब्रोदेत्तोत परंपरेने तेरा प्रकारचे मासे असतात आणि रस्सा टोमॅटो व व्हिनेगरचा असतो. दक्षिणेला सान बेनेदेत्तो देल त्रोंतो येथे लाल टोमॅटोऐवजी हिरवे, कच्चे टोमॅटो आणि ढोबळी मिरची पडते. पोर्तो रेकानातीत टोमॅटोच नाही. तिथला रस्सा रानटी केशरामुळे पिवळा असतो. जोडी जमवताना हा फरक ध्यानात घ्यावा लागतो. टोमॅटो-व्हिनेगरच्या आंकोनी रस्स्याला सुपेरिओरेची पूर्ण आम्लता लागते. सान बेनेदेत्तोचा रस्सा आणखी आंबट आणि हिरव्या चवीचा, त्याला मातेलिकाची टोकदार वाइन अधिक बरी. केशरी रस्सा मऊ असतो, त्याच्यापुढे मुरलेली रिझेर्वा ठेवली तर तिचा मधासारखा वास केशराच्या वासाला जाऊन मिळतो, आणि माझ्या मते तिन्हींत ही जोडी सर्वांत सुंदर आहे. शिजवण्याची पद्धत मात्र तिन्हीकडे सारखी: उशिरा शिजणारी माकली आधी, मग घट्ट मांसाचे मासे, सर्वांत शेवटी नाजूक मासे, आणि एकदा मासे पडले की चमचा घालायचा नाही, भांडेच हलवायचे.

आंकोनाचा दुसरा मानबिंदू म्हणजे ‘स्तोकाफिस्सो’. नॉर्वेच्या लोफोतेन बेटांवर वाऱ्यावर वाळवलेला, मीठ न लावलेला कॉड मासा शतकानुशतके या बंदरात येत राहिला आहे. तो लाकडासारखा कडक असतो आणि कित्येक दिवस पाणी बदलत भिजवावा लागतो. भांड्याच्या तळाशी बोरूच्या काड्यांची जाळी घालतात म्हणजे मासा लागत नाही. त्यावर माशाचे तुकडे, टोमॅटो, कांदा, वरून बटाट्याच्या जाड फोडी, सढळ हाताने ऑलिव्हचे तेल आणि व्हेर्दिक्यो असे घालून मंद आचेवर दोन-अडीच तास न ढवळता शिजवतात. सुक्या माशाचा उग्र दरवळ आणि तेल प्यालेले बटाटे यांच्यापुढे हलकी वाइन हरवून जाते. येथे रिझेर्वाच हवी, आणि ती पाच-सात वर्षे जुनी असेल तर उत्तम.

डोंगराकडे वळले की ‘इन पोर्केत्ता’ हा शब्द वारंवार भेटतो. मूळची पोर्केत्ता म्हणजे मसाला भरून भाजलेले डुक्कर. पण मार्केत त्या मसाल्याची, म्हणजे रानबडीशेपेचा पाला, लसूण आणि मिरी यांची, ससा, बदक आणि समुद्री गोगलगायी यांनाही दीक्षा दिलेली आहे. व्हेर्दिक्योच्या वासात बडीशेपेची जी छटा असते, ती या पदार्थांपुढे एकदम ठळक होते. भाजलेल्या सशाला सुपेरिओरे किंवा मातेलिकाची रिझेर्वा द्यावी. पांढऱ्या मांसाला लाल वाइनच हवी, असा ज्यांचा हट्ट असतो, त्यांना एकदा ही जोडी वाढून गप्प बसावे.

‘विंचिसग्रासी’ ही मार्केची थरांची पास्ता सणासुदीची असते: पातळ चादरी, तुकड्या मांसाचा आणि कोंबडीच्या काळजाचा सॉस, दुधाचा पांढरा सॉस. हिचे नाव विंडिशग्रेट्स या ऑस्ट्रियन सेनापतीवरून पडल्याचे सांगतात. पण ‘प्रिंचिसग्रास’ नावाचा पदार्थ आंतोनियो नेब्ब्या यांच्या 1779 च्या पाकपुस्तकात आधीच आहे, तेव्हा सेनापतीचे श्रेय संशयास्पद आहे. रिझेर्वा हिच्यापुढे उभी राहते, तरीही मी येथे कोनेरो पर्वताच्या उतारावरची लाल वाइन निवडीन आणि व्हेर्दिक्योला विश्रांती देईन.

चीजमध्ये उर्बिनोची ‘काशोत्ता’, मेंढीच्या आणि गाईच्या दुधाची मऊ, दुधाळ चवीची, ही सुपेरिओरेची सहज मैत्रीण. जमिनीतल्या खड्ड्यांत मुरवलेले तीव्र वासाचे ‘फोस्सा’ चीज कोरड्या वाइनला दाबून टाकते. त्याला पास्सीतो द्यावी. शाकाहारी पाहुण्यांसाठी ‘क्रेशा’ ही तव्यावरची जाड रोटी, लसूण-तेलावर परतलेला रानभाजीचा पाला आणि ताजे पेकोरीनो, म्हणजे मेंढीच्या दुधाचे चीज, एवढेच पुरे. पाल्याचा कडवटपणा आणि वाइनचा कडवटपणा एकाच घराण्यातले आहेत. आटिचोक ही जाड पाकळ्यांच्या कळीची भाजी वाइनची जुनी वैरीण असली तरी तळून वाढली तर तिचेही भागते.

आपल्या स्वयंपाकघरात

व्हेर्दिक्यो ज्यांच्या घरी येईल, ते रोज स्तोकाफिस्सो शिजवणार नाहीत, म्हणून थोडेसे इकडचे. रव्यात घोळवून तळलेले बोंबील किंवा सुरमई, मसाला हलका असेल तर, सुपेरिओरेबरोबर आस्कोलीच्या तळणाइतकेच शोभतात. कोथिंबीर वडी चालते. साबुदाणा वडा फारच छान चालतो, अर्थात उपवासाच्या दिवशी नव्हे. अळूवडीतला चिंच-गुळाचा कोळ मात्र आंबट आणि गोड अशा दोन्ही बाजूंनी वाइनला पकडतो, तेव्हा ती टाळावी. तांबडा रस्सा, ठेचा आणि गोव्याचे विंदालू यांच्या वाटेला ही वाइन नेऊ नये. जेवणात सोलकढी असेल तर तिलाच मान द्यावा. आमसुलाच्या आंबटपणापुढे वाइनची आम्लता निष्प्रभ होते.

सहा जणांच्या जेवणासाठी तीन बाटल्या पुरतात: तळणाबरोबर स्पुमांते किंवा साधी, माशाबरोबर सुपेरिओरे, शेवटच्या मुख्य पदार्थाबरोबर रिझेर्वा. क्रम हलक्याकडून जडाकडेच ठेवावा, कारण रिझेर्वानंतर साधी वाइन फिकी लागते. उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये तीन दिवस चांगली राहते आणि चौथ्या दिवशी तिची जागा कढईत असते.

उरलेल्या वाइनचे शिनाणे

कोनेरो पर्वताच्या पायथ्याशी पोर्तोनोवोच्या खडकांवर आपोआप वाढणाऱ्या शिंपल्यांना तिथले लोक ‘मोशोली’ म्हणतात. कोकणात आणि गोव्यात मिळणारे शिनाणे त्यांचेच भाऊबंद आहेत, म्हणून ही एक पाककृती इकडे जशीच्या तशी करता येते.

चौघांसाठी एक किलो जिवंत शिनाणे घ्यावेत. फुटलेले आणि टकटक केल्यावरही उघडेच राहणारे टाकून द्यावेत, बाकीचे घासून धुवावेत आणि कवचाच्या फटीतून लोंबणारे दोरे ओढून काढावेत. रुंद कढईत तीन मोठे चमचे ऑलिव्हचे तेल तापवून लसणाच्या दोन ठेचलेल्या पाकळ्या फक्त सोनेरी होऊ द्याव्यात. आच मोठी करून शिनाणे टाकावेत, लगेच 100 मिलिलिटर व्हेर्दिक्यो ओतावी आणि झाकण ठेवावे. तीन-चार मिनिटांत कवचे उघडतात. उघडली की लगेच उतरवावे, नाहीतर मांस रबरासारखे होते. न उघडलेले खाऊ नयेत. मीठ अजिबात घालू नये, कारण शिनाण्यांच्या पोटातले समुद्राचे पाणीच पुरते. वरून चिरलेली पार्स्ली आणि ताजी मिरपूड घालावी. पार्स्लीऐवजी कोथिंबीर घातली तर चव निराळी होते, पण वाईट होत नाही. रस गाळून पुन्हा वर ओतावा, म्हणजे वाळूचा कण दाताखाली येणार नाही.

भाजलेल्या पावाचे जाड तुकडे आणि साधी, थंड व्हेर्दिक्यो सोबत द्यावी. कढईच्या तळाचा रस पावाने पुसून खायचा असतो, आणि त्या रसावर लिंबू पिळू नये.